उतरणारे सहा

सोनाजी शिंगाडेच्या थोरल्या नातवाचं, शिवशंकरचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. वैशाखाचं ऊन होतं. नवरीकडचं वऱ्हाड पॅसेंजर गाडीनं आलं, आणि गाडी पिंपळमाळच्या शिवारातून, दारातल्या मांडवाला धूळ दाखवत पुढं निघून गेली. वऱ्हाड करडगावच्या स्टेशनात उतरलं आणि रुळाच्या कडेकडेनं पाच किलोमीटर मागं चालत आलं. नवरीचा मामा मांडवात टेकला तो पोटऱ्या चोळतच.

"तुमच्या गावाला रेल्वे हाय म्हणून सांगितलं व्हतं," तो म्हणाला.

सोनाजीला मान वर करवली नाही. रूळ होते, गाडी होती, पण ती थांबत नव्हती. पिंपळमाळच्या दोन पिढ्या अर्ज देऊन थकल्या होत्या.

त्याच वर्षी श्रावणात थांबा मिळाला. पत्र्याची शेड, मुरमाचा ओटा, पिवळी पाटी. सकाळची गाडी संभाजीनगरला जाणार, संध्याकाळची तिकडून येणार. मिळाला, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. रोज चाळीस माणसं चढली पाहिजेत, चाळीस उतरली पाहिजेत, नाहीतर बंद. पहिल्या दिवशी बायांनी इंजिनाला ओवाळलं. सोनाजीनं पाटीवर खंडोबाचा भंडारा उधळला. पिवळ्यावर पिवळं, कुणाला काही दिसलं नाही, पण त्याच्या जिवाला बरं वाटलं.

त्या गाडीवर सोनाजीच्या घरातलं एक माणूस टांगलेलं होतं. ते म्हणजे नात योगिनी. तिला शहरात नर्सिंगला जागा मिळाली होती. कॉलेज नऊला भरायचं आणि गावात एसटी यायची दहाला. जीपमध्ये पोरीला रोज कोंबून पाठवायला तिचा बाप रामप्रसाद तयार नव्हता आणि शहरात खोली घेऊन ठेवायलाही नव्हता. त्यानं एका वाक्यात निकाल दिला होता. गाडी थांबते तोवर शिक. थांबायची बंद झाली की घरी.

म्हणून सोनाजी रोज दोन्ही वेळेला ओट्यावर जाऊन बसायचा. गुडघे गेल्यापासून त्यानं मेंढरं विकली होती, पण सवय काही विकता येत नाही. सकाळी वाड्याचं झापड उघडलं की मेंढरू एकेक करून बाहेर पडतं, तसं तो माणसं मोजायचा. वीस झाली की बंडीच्या खिशात एक खडा. उरलेली बोटांवर. सकाळी दोन खडे आणि वर तीन-चार बोटं व्हायची. संध्याकाळीही तितकीच. बाहेर गेलं तेवढं आत आलं की धनगराला झोप लागते.

ओट्यावर त्याला दुसरंही एक काम होतं. अडुसष्टाव्या वर्षी तो योगिनीकडून अक्षरं शिकत होता. पहिलं अक्षर तिनं त्याला पाटीवरचंच दाखवलं, 'पिं'. म्हणाली, "आबा, हे येतंय का बघा, मंग बाकीचं गाव आपोआप येतंय." तीन महिन्यांत त्याला अख्खी पाटी आली. मग बिडीचं पुडकं, खताची गोणी, जे दिसेल ते तो वाचायचा. त्याची बायको सारजाबाई म्हणायची, की पूर्वी हा माणूस वाटेवर लेंड्या बघत चालायचा, आता कागद बघत चालतो.

चार महिने झाले आणि रेल्वेचे साहेब आले. तरुण होते, बोलायला मऊ. शेडमध्ये बसून त्यांनी कागद काढला. सकाळी तिकीट देणारा बद्रीनाथ बाजूला उभा होता, मागं पाच-पन्नास माणसं.

"चढणारे रोज सरासरी त्रेचाळीस," साहेब म्हणाले. "उतरणारे सहा."

कुणाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. साहेबांनी परत वाचलं. मग हसून विचारलं, की रोज त्रेचाळीस जातात आणि सहाच परत येतात, तर गाव अजून रिकामं कसं झालं नाही?

सोनाजी पुढं झाला. खिशातून दोन खडे काढून त्यानं कागदावर ठेवले.

"साहेब, हे काल सांच्याला उतरल्याले दोन विसा. वर तीन. म्या सोता मोजले."

साहेबांनी खडे उचलून पुन्हा त्याच्या हातात दिले. खडे खोटे आहेत असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, की रेल्वे तिकीट मोजते, माणूस नाही. दोन महिने उरले आहेत. असंच राहिलं तर थांबा जाईल.

साहेब गेल्यावर गावात एकच बोलणं सुरू झालं. लोक फुकट येतात म्हणून काहींनी तरण्या पोरांना धरलं. पोरं चिडली, सगळे तिकीट काढूनच येत होते. सारजाबाईची मावसबहीण तर देवाची शपथ घालायला लागली. योगिनी त्या रात्री जेवली नाही, हे सोनाजीनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी आली, माणसं उतरली, दोन खडे झाले. उतरलेल्यांनी नेहमीप्रमाणं तिकिटं ओट्यावर टाकली आणि ते गावाकडं चालते झाले. सोनाजीनं वाचायला म्हणून एक उचललं. अक्षरं पुसट होती. बोट ठेवून त्यानं लावलं. क. र. ड. गा. व.

त्याला वाटलं, आपल्यालाच अजून नीट येत नाही. दुसरं उचललं. करडगाव. तिसरं, चौथं, दहावं, सगळी करडगाव. तो पाटीजवळ गेला आणि एक तिकीट पाटीवरच्या अक्षरांशेजारी धरून बघितलं. एकही अक्षर जुळेना.

मग त्याच्या ध्यानात आलं. तीस-चाळीस वर्षं हे गाव करडगावचं तिकीट काढून करडगावला उतरत होतं आणि मागं चालत येत होतं. शहरातल्या खिडकीशी गेलं की जीभ आपोआप तेच बोलायची. पैसे तेवढेच, म्हणून कुणाला कळलंही नाही. सकाळी बद्रीनाथ इथलं तिकीट द्यायचा, म्हणून चढणारे मोजले जात होते. उतरणारे सगळे करडगावच्या खात्यात.

त्याला राग आला. मग आठवलं, परवा आपणही डोळे दाखवायला शहरात गेलो होतो. पटक्याच्या घडीत त्यानं ते तिकीट जपून ठेवलं होतं, आपल्या गावाच्या गाडीचं म्हणून. त्यानं ते काढून उलगडलं. करडगाव.

मग तो एकटाच हसला.

त्या संध्याकाळी पारावर त्यानं सगळी तिकिटं मांडली आणि सगळ्यात वर स्वतःचं ठेवलं. लोकांनी आपापली ओळखली नाहीत, पण त्याचं ओळखलं, कारण त्यानंच सांगितलं. त्यामुळं कुणी कुणावर बोट दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सोनाजी सकाळच्या गाडीनं योगिनीबरोबर शहरात जायला लागला. दिवसभर स्टेशनात बसायचा आणि संध्याकाळी तिकीट खिडकीच्या रांगेला काठी टेकून उभा राहायचा. ओळखीचं तोंड दिसलं की विचारायचा, "कुठलं?" समोरचा करडगाव म्हणाला की काठी वाजायची. बायका पदराआडून हसायच्या. खिडकीतला बाबू चार दिवसांत इतका सरावला, की पटका दिसला की आपणच विचारायचा, पिंपळमाळ का?

गावातला कडुबा शहरात गवंडीकाम करायचा. तीन वेळा चुकून तीन वेळा काठी ऐकलेला. एकदा रांगेत सगळ्यांच्या देखत म्हणाला, "सोनाजी, मेंढरं सरली म्हणून आता माणसं हाकाय लागला व्हय?"

"मेंढरं शहाणी व्हती, कडुबा," सोनाजी म्हणाला. "वाडा हलवला की दुसऱ्या दिशी नव्या वाड्यात शिरायची. आपल्याला चार महिने लागले."

रांग हसली. कडुबाही हसला, आणि खिडकीत वाकून इतक्या मोठ्यानं 'पिंपळमाळ' म्हणाला की मागची माणसं वळून बघायला लागली. पुढं पुढं तोच दुसऱ्यांना टोकायला लागला. सोनाजीला ताप आला ते आठ दिवस रांगेला कडुबा उभा होता.

होळीच्या चार दिवस आधी कागद आला. बद्रीनाथनं तो योगिनीच्या हातात दिला. तिनं वरून खाली नजर फिरवली, घडी घातली आणि आजोबाला दिला. पारावर गाव जमलेलं. सोनाजीनं चष्मा लावला. एकेक अक्षर लावत, अडखळत, मागं जात, पुन्हा पुढं येत त्यानं ते चार ओळींचं पत्र वाचलं. पाव तास लागला. मध्येच एका पोरानं पुढचा शब्द सांगितला, तर कडुबानं त्याला गप्प केलं. शेवटच्या दोन महिन्यांचे उतरणारे, सरासरी सत्तेचाळीस. पिंपळमाळचा थांबा कायम.

रामप्रसाद उठला, बापाच्या हातातून कागद घेतला आणि त्याला वाचायचा नव्हता तरी बराच वेळ धरून उभा राहिला. मग योगिनीला म्हणाला, "सकाळी लवकर ऊठ. गाडी चुकंल."

योगिनी आता तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच गाडीनं जाते, त्याच गाडीनं येते.

सोनाजी सखाराम शिंगाडे पंधरा जानेवारी दोन हजार पंचवीसला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी घरी वारला.