वेशीबाहेर मलिदा

ईवाने मिल्टन कीन्सच्या पीटरशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हापासून सिमाने लेकीचं नाव टाकलं होतं. तिचा नवरा एलिएझर म्हणायचा, "अगं, फोन तरी कर." सिमा म्हणायची, "आपल्या ज्यू लोकांना सोडून ती गेली. मी का करू?"

ही पंचाहत्तर सालची गोष्ट. सिमा इंग्लंडात क्रॉयडनला राहायची, तिथल्या कौन्सिलच्या इंग्लिश क्लासला जायची. क्लासला एक कादंबरी लावली होती, थायलंडच्या डोंगरातल्या आखा लोकांच्या गावावरची. गावाच्या तोंडाशी लाकडी वेस. भुतंखेतं बाहेर राहावीत म्हणून दरवर्षी नवी उभारायची. बायकांच्या डोक्यावर चांदीच्या नाण्यांनी मढवलेली टोपी. सिमाला ते लोक परके वाटेनात. मुंबईत तिची आईही येता-जाता चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थनेच्या डबीला, बोटं लावून ओठांशी न्यायची.

गोष्टीतल्या मुलीला जुळं झालं. तो अपशकुन, म्हणून गावाने तिला वेशीबाहेर काढलं. आईनेही पाठ फिरवली. पण एका सकाळी तीच आई मुलीची टोपी अंगरख्याखाली घेऊन बाहेर पडली आणि तिच्याशेजारी जाऊन बसली.

ते पान मोठ्याने वाचायची पाळी सिमावर आली. मध्येच तिने पुस्तक मिटलं. शेजारच्या शैलाने, पुण्याच्या एका डॉक्टरांच्या बायकोने, हळूच विचारलं, "सिमाताई, ईवाची आठवण झाली?"

सिमाने होकारार्थी मान हलवली.

"रविवारी ट्रेन असते," शैला म्हणाली.

रविवारी सिमाने पोहे भिजवले, त्यांत खोबरं, साखर, वेलची घातली, वर फळं रचली. शुभकार्याला प्रार्थना म्हणून वाटतात तो मलिदा.

"मलिदा कुणाचा?" एलिएझरने विचारलं.

"लेकीच्या लग्नाचा. राहून गेला होता."

दोघांनी मिल्टन कीन्सजवळच्या ब्लेचलीला उतरून टॅक्सी केली. ईवाने दार उघडलं, पण ती बाजूला झाली नाही. "आई, पीटर पण घरात आहे. त्याच्याशी नीट बोलणार असशील तर आत ये."

सिमा उंबऱ्याबाहेर डबा धरून उभी राहिली. राग आला, तो तिने गिळला. "बोलीन. इंग्लिश कच्चं आहे माझं, सांभाळून घे म्हणावं."

ईवा बाजूला झाली.

एलिएझरने मलिद्यावर एलिया हन्नाबीची, त्या प्रेषिताची, प्रार्थना म्हणायला घेतली. डोकं झाकायचं म्हणून पीटर वर पळाला आणि गोंड्याची फुटबॉलची टोपी घालून आला. सिमाला हसू आवरेना. मग ईवाही हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

सगळं काही त्या दिवशी मिटलं नाही. निघताना सिमा म्हणाली, "पेसाहच्या सणाला या, दोघं."

"बघू," ईवा म्हणाली आणि रिकामा डबा धुवायला आत घेऊन गेली.