कंटेनरची ओटी

जागतिक व्यापाराचा राजमार्ग भाईंदर पूर्वेतून जातो, याबद्दल गुणवंत भाटकरांच्या मनात त्या सकाळी तिळमात्र शंका नव्हती. तूर्तास तो राजमार्ग शिवाच्या वडापावच्या गाडीने अडवला होता.

"शिवा, घे बाजूला. परदेशचं काम खोळंबलंय."

"शेठ, तेल तापलंय. परदेश थांबेल जरा."

कढई उतरली, गाडी गटाराच्या झाकणावर चढली आणि ट्रेलर मागे मागे सरकत गुणवंतांच्या भांड्यांच्या गाळ्याच्या दाराशी आला. त्याच्या पाठीवर तांबडा कंटेनर होता. पत्र्याला ठिकठिकाणी पोचे पडलेले, कोपऱ्यात कुठल्याशा लिपीतली अक्षरं अर्धी घासून गेलेली. गुणवंतांचा सारा जन्म भांड्यांचे पोचे काढण्यात गेला होता. पण हे कुठल्या कुठल्या देशात पडले असतील, या विचाराने ते हातातला फडका धरून नुसतेच उभे राहिले. मग त्यांनी पत्र्याला हात लावला आणि, कोणी बघत नाही असं पाहून, तो कपाळाला लावला.

बघत सगळेच होते.

रत्नागिरीहून आल्यापासून गुणवंतांचे वाडगे बोहारणींच्या टोपल्यांतून हिंडले होते. जुन्या पँटींवर वाडगा, जरीच्या साडीवर डबा. बायकोच्या, शुभदाच्या, माहेरी त्यांची ओळख 'चिंध्यांवर भांडी देणारे जावई' अशीच होती. आता तेच वाडगे बेल्जियमला निघाले होते. ऑर्डरमध्ये त्यांना नावही होतं: पेट बाउल.

"पेट म्हणजे?" शुभदाने तेव्हाच विचारलं होतं.

"पोट. पोटभर जेवायचा वाडगा. बूड रुंद, खाली रबर. कितीही भुकेला बसला तरी हलणार नाही."

"अहो, पण पेट हिंदी ना?"

"इंग्रजांनी इथून काय काय नेलं! त्यातलाच एक शब्द."

शुभदाने हे माहेरी जसंच्या तसं कळवलं होतं.

दुपारपर्यंत खोकी भरून झाली. मुर्ध्याहून पॅकिंगला येणाऱ्या गोदूबाईने कमरेवर हात ठेवून कंटेनरकडे पाहिलं.

"पोर सासरी चालली जनू. वटी न्हाय भरायची?"

हे शुभदाला पटलं. ती सुपात तांदूळ, नारळ आणि खण घेऊन आली, तसा माल बंदरात पोचवणाऱ्या एजंटचा माणूस, बेव्हर्ली पार्कचा नीलेश, आडवा धावला.

"काकी, आत तांदळाचा दाणासुद्धा नको! तिकडचे लोक सगळा माल अडवतील."

"मग काय रिकाम्या ओटीने पाठवू?"

प्रश्न आंतरराष्ट्रीय होता. तो बिहारच्या ड्रायव्हरने सोडवला. "माताजी, हमको दे दीजिए," म्हणत त्याने केबिनमध्ये गमछा पसरला. कंटेनरची ओटी ड्रायव्हरला मिळाली. कंटेनरला नुसतं कुंकू.

निघताना शुभदा गुणवंतांजवळ आली.

"बोटीवर चढताना डोळ्यांनी बघून या. मग फोन करा. माहेरून दादा-वहिनी येणारेत संध्याकाळी. त्यांच्यासमोरच करा."

गुणवंत आणि नीलेश ड्रायव्हरशेजारी बसले. काशीमिरा नाका मागे पडला. घोडबंदर रस्त्यावर नीलेशने दोनदा घसा साफ केला.

"काका, रागावणार नसाल तर सांगतो. पेट म्हणजे पोट नाही."

"मग?"

"पाळलेलं जनावर. कुत्रा, मांजर."

गुणवंतांनी खाडीकडे पाहिलं. म्हणाले, "म्हणून रबर."

"हो. चाटताना सरकू नये म्हणून."

"तिकडची कुत्री असतात तरी कशी?"

"साहेबाच्या गादीवर झोपतात, काका."

न्हावा शेवा बंदरात पोचेस्तोवर ऊन उतरलं होतं. ट्रेलर गेटच्या रांगेला लागला आणि हे दोघे कुंपणाबाहेर उभे राहिले. आत घराजवळच्या सिल्व्हर पार्कच्या इमारतींएवढे कंटेनरचे ढीग होते, फक्त गॅलरीत कपडे वाळत नव्हते. त्यांच्याही वर क्रेन. मिठाच्या बरणीतून चिमूट उचलावी तशी ती एकेक कंटेनर उचलत होती, आणि खालची बोट संपतच नव्हती. डावीकडे पाहावं तिकडे बोट, उजवीकडे पाहावं तिकडे बोट. नीलेशने चहाचं विचारलं, ते गुणवंतांना ऐकू गेलं नाही.

"नीलेश, आत काय भरलंय, ते कळतं का रे तिला?"

"नाही काका. क्रेनला फक्त वजन कळतं."

हे ऐकून गुणवंतांना बरं वाटलं. इतक्यात एक तांबडा कंटेनर सावकाश वर उचलला गेला.

"तो बघ!"

त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि नीलेशचा मोबाइल मागून घेतला.

"चढतोय गं. डोळ्यांसमोर चढतोय."

"खरंच?" पलीकडे शुभदाचा आवाज मोठा झाला, खोलीभर ऐकू जाईल इतका. "अहो, दादा विचारतायत, जेवणार कोण त्यात?"

गुणवंतांनी वर पाहिलं. कंटेनर आभाळात लोंबत होता. नीलेशने मान दुसरीकडे वळवली.

"घरातलीच, म्हणावं," गुणवंत म्हणाले. "तिकडे त्यांना घरातलंच मानतात."

भाटकरांचा ट्रेलर अजून गेटवरच होता. वर चाललेला तांबडा कंटेनर रिकामा होता.