कणगीतली बंदूक

आमच्या घरात एक बंदूक होती, आणि ती नीट सांभाळून ठेवायची अक्कल माझ्या थोरल्या भावाला मी शिकवली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं सांगताना मी कुठंतरी अंग काढून घेईन. माझा स्वभाव मला माहीत आहे.

भावाचं नाव हरिबा. मोहोळपासून दोन कोसांवर आमचं घर, थोडी कोरडवाहू जमीन आणि साठ-सत्तर मेंढरं. लांडग्यांचा उपद्रव फार, म्हणून दादाला ठासणीच्या बंदुकीचं लायसन मिळालेलं. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे गजानं ठासून भरायचे, मागच्या बाजूला तांब्याची एक बारीक टोपी बसवायची. तिच्यावर घोडा असतो, म्हणजे लोखंडाचा वाकडा आकडा. तो मागं ओढून सोडला की टोपीवर आपटतो आणि बार उडतो. हे भरायचं काम वेळखाऊ आणि लांडगा तेवढा थांबत नाही, म्हणून दादा बंदूक कायम भरलेलीच ठेवायचा. ओल लागून टोपी वाया जाऊ नये म्हणून तिच्या कडेनं मेणसुद्धा लावायचा. बंदूक सोप्यात उंच खुंटीला टांगलेली असायची. तिच्याकडं बोट करायचं नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी धुळा, धाकटा. सोलापुरात एका मिलमध्ये हजेरीनीस होतो. पेपर वाचायचो, धोतराखाली बूट घालायचो आणि गावी आलो की प्रत्येकाला शहाणपण शिकवायचो. साल एकोणीसशे तीस. उन्हाळ्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. तो उठला तरी लोक अजून दबक्या आवाजात बोलायचे. दसऱ्याला गावी आलो तेव्हा खंडेनवमीच्या पूजेत दादानं कोयता, कुऱ्हाड आणि बंदूक मांडलेली. बंदुकीला झेंडूची माळ. ती बघून माझं डोकं चाललं.

"दादा, ही पुन्ना त्या खुंटीलाच टांगणार का तू?"

"मग कुटं टांगू?"

"चोरानं नेली आन् कुणा सायबावर बार टाकला तर? लायसन तुजं. फासावर तू जाशील की!"

दादा साधा माणूस. त्याचा चेहरा पडला. घरात कुलपाची पेटी नव्हती. मग मीच जागा काढली. माजघरात धान्याची कणगी होती, विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, चांगली ऐसपैस. वरच्या झाकणातून बंदूक ज्वारीत खुपसायची आणि झाकण लिंपून टाकायचं. ज्वारी काढायची ती तळाशी असलेल्या भोकातून, चिंध्यांचा बोळा काढून. वरचं झाकण पुढच्या सुगीपर्यंत कोण उघडतंय?

बायका ओढ्यावर धुणं घेऊन गेल्या होत्या तेवढ्यात आम्ही काम उरकलं. घाई होती. बार काढावा, निदान टोपी तरी काढावी, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. ज्या लांडग्यासाठी ती भरून ठेवलेली, तो आलाच असता तर त्याला आधी कणगी उपसेपर्यंत थांबायला सांगावं लागलं असतं. हेही डोक्यात आलं नाही.

हात पुसताना दादा म्हणाला, "कस्तुराला तेवडं सांगून ठिवतो."

"अजाबात न्हाय," मी म्हणालो. "बायकांच्या कानावर गेलं की ओढ्यावर गेलं. चोर तितंच बसलेला असतो."

संध्याकाळी कस्तुरावैनींनी झाकणाकडं बघून विचारलं, "हे कुणी लिपलं? म्हशीनं?" आम्ही म्हणालो, उंदीर शिरत होते, आणि खुंटीवरची बंदूक मोहोळला दुरुस्तीला दिलीय. त्या हसल्या. आम्हीही हसलो.

त्यानंतर मी गावी आलो तो पौषात, मिलच्या सुट्टीला. दादा मेंढरं घेऊन सीना नदीकडं गेला होता, हातात नुसती काठी घेऊन. घरी वैनी, आमची आई बजाबाई आणि वैनींची सात महिन्यांची मुलगी. सकाळची कोवळी उन्हं सोप्यात आली होती आणि मी खांबाला टेकून विडी ओढत बसलो होतो. माजघरात वैनी सूप घेऊन कणगीपुढं बसलेल्या. कणगीच्या पलीकडं, भिंतीच्या बाजूला, आढ्याला झोळी टांगलेली. झोळीत पोर आणि खाली आई जात्याचा खुंटा धरून बसलेली. आईला ऐकू येत नव्हतं. तिला बोलावायचं तर तिच्यासमोर जाऊन हात लावावा लागायचा.

"ज्वारी आज उतरंना झालीय," वैनी आतून म्हणाल्या. "काय तरी आडवं आलंय वाटतं."

मी ऐकलं. खरंच सांगतो, ऐकलं आणि विडीचा आणखी एक झुरका घेतला.

"लाकूड हाय की हो हितं," वैनी पुढं म्हणाल्या. "आन् वर लोखंड लागतंय. आकडा हाय कसला तरी. थांबा, वडून बगते."

विडी हातातून कशी पडली ते मला आठवत नाही. मी माजघराच्या उंबऱ्यात होतो आणि ओरडत होतो, "वडू नगा! वैनी, वडू नगा!"

त्यांनी ओढला होता. भोकात कोपराच्या वरपर्यंत हात गेलेला, गाल कणगीला टेकलेला. माझं ओरडणं ऐकून त्या दचकल्या, पण हात तसाच राहिला.

"सोडू बी नगा," मी म्हणालो. "जीव गेला तरी सोडू नगा."

"काय हाय त्ये?"

"बंदूक हाय. भरलेली हाय. तुमच्या हातात घोडा हाय, त्यो सोडला की बार उडतोय."

वैनींनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता त्या किंचाळतील. किंचाळल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले, खांदा किंचित फिरवला आणि आतली बोटं न हलवता काहीतरी अजमावलं.

"लाकूड माज्या बाजूला हाय," त्या म्हणाल्या. "म्हंजी नळी पल्याड."

कणगीत ज्वारी आता मांडीएवढ्या उंचीचीच उरली होती. दाणा खाली उतरत गेला तशी बंदूकही उतरत, कलत गेली होती. लाकडी दस्ता भोकापाशी आणि नळी कणगीच्या समोरच्या कुडाला टेकलेली. आणि त्या कुडाच्या पलीकडं हातभर अंतरावर झोळी.

"भावजी," वैनी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला, "माजी पोरगी काडा तितनं."

कणगीच्या पलीकडं जायला एकच वाट होती, कणगी आणि भिंत यांच्यामधून. म्हणजे नळीच्या तोंडासमोरून. मी उभा राहिलो. दोन श्वास, तीन श्वास. पाय उचलायचा होता आणि तो उचलत नव्हता. मला भीती वाटत होती, पोरीसाठी नाही, माझ्या स्वतःच्या जिवाची. सोलापुरात गोऱ्या सोल्जरांसमोरून ताठ मानेनं गेलो, असं मी गावभर सांगत फिरलो होतो. खरं तर त्या दिवसांत मी खोलीबाहेर पडलोच नव्हतो.

"भावजी, माजं बोट दुकाय लागलंय."

मग मी गुडघ्यावर आलो आणि रांगत आत गेलो. आई वर बघून हसली. तिला वाटलं, मी पोरीला खेळवायला घोडा होऊन आलोय. मी तिला दंड धरून ओढलं तेव्हा तिनं माझ्या हातावर चापट मारली, "सोड मेल्या, दळण ऱ्हायलंय!" बोलून उपयोग नव्हता. बसल्या बसल्याच हात वर करून झोळीतून पोर काढली, आईच्या कडेवर दिली आणि दोघींना भिंतीला घासत पुढं ढकललं. पोर जागी होऊन रडायला लागली. आई मला शिव्या देत सोप्यातून अंगणात गेली. तिला दारातून खुणेनंच सांगितलं, आत येऊ नको.

"गेल्या?" वैनींनी विचारलं.

"गेल्या."

वैनींच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि थेट हनुवटीवरून खाली पडलं. पुसायला हात मोकळा होता, पण त्यांनी पुसलं नाही. "आता सांगा. सगळं सांगा. ह्यो आकडा कशावर आपटतोय?"

मी सांगितलं. ज्या बाईनं चार वर्षं त्या बंदुकीखाली केर काढला, तिला बंदूक म्हणजे काय हे मी त्या सकाळी पहिल्यांदा सांगत होतो. घोडा पार मागं ओढला तर तो खाचेत अडकतो, पण त्या बंदुकीची खाच झिजलेली. कधी अडकायची, कधी सुटायची. घोडा हळूच टोपीवर टेकवावा, तर त्याला ताण एवढा की एका बोटाला तो आवरला नसता. कणगी वरून फोडली असती तर हादरा बसला असता. माझा हात त्या भोकात वैनींच्या हाताशेजारी मावत नव्हता. मावला असता तरी मी घातला असता का, हे विचारू नका.

"घोड्याच्या तोंडाखाली बारीक टोपी हाय," मी म्हणालो. "ती निगाली की बंदूक मेली. एका बोटानं घोडा धरा, अंगठ्यानं टोपी काडा."

वैनींनी ओठ आवळले. दंडाची शीर टरारून आली होती. आत ज्वारी बारीक खसखसली.

"घावली. पन हालत न्हाय. चिकाट लागलंय."

"मेण हाय. दादा लावतोय."

"मेण बी लावलं व्हय!" वैनी म्हणाल्या. एवढ्या प्रसंगात त्यांचा राग मला स्पष्ट ऐकू आला. "लई काळजी घेतली टोपीची."

त्या नखानं खरवडत राहिल्या. मी त्यांच्यापासून चार हातांवर, नळीच्या बाजूला नाही, दस्त्याच्या बाजूला उकिडवा बसलो होतो. अंगणात पोर रडत होती. त्या रडण्यानं वैनींचं लक्ष दर वेळी तुटायचं आणि त्या पुन्हा डोळे मिटायच्या.

"बोट बधिर झालं," त्या अचानक म्हणाल्या. "भावजी, सुटतंय."

"न्हाय, सोडू नगा..."

"सुटतंय म्हनते न्हवं! अंगटा टोपीवर ठिवला तर काय हुईल?"

"अंगठा ठेचंल."

"बार?"

"बार न्हाय उडायचा. अंगठा मदी ऱ्हायला तर."

हे मी सांगायला हवं होतं, आधीच. मला ते ठाऊक होतं. सुचलं नाही, कारण मी सगळा वेळ नळी कुठं आहे याचाच विचार करत होतो. वैनींनी मान एकदा हलवली आणि जीभ दातांत धरली. आतून मऊ, दबका आवाज आला. त्यांच्या घशातून एक हुंकार निघाला, जनावराच्या तोंडून निघावा तसा. बार उडाला नाही.

मी म्हणालो, "वैनी?" त्यांनी घोड्याखाली पुन्हा बोट घातलं, घोडा पुन्हा उचलला आणि त्याच ठेचलेल्या अंगठ्यानं उरलेलं मेण काढायला सुरुवात केली. मी तिथं बसून नुसता बघत होतो. माझी मलाच त्या वेळी किळस आली.

किती वेळ गेला माहीत नाही. नुसत्या लोखंडावर लोखंड आपटल्याचा कोरडा खटका झाला आणि वैनींनी हात बाहेर काढला. हाताबरोबर रक्तानं माखलेली मूठभर ज्वारी सुपात आली. तिच्यात ती टोपी होती, डाळीच्या दाण्याएवढी. अंगठ्याचं नख उलटं झालं होतं.

मी धावत जाऊन हळद आणली, धोतराचा काठ फाडला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच बांधला, गाठ दातांनी आवळली. मग अंगणात जाऊन पोर घेतली. तिथंच भुईवर बसून तिला पाजलं. ती शांत झाल्यावर आईकडं देऊन त्या परत आत आल्या.

"तुमाला ठावं हुतं," त्या म्हणाल्या.

मी उरलेली हळद पुडीत बांधायला लागलो.

"मी आत लोखंड म्हनाले आन् तुमी वरडलात. दसऱ्यापासून ठावं हुतं. मला सांगू नगं, म्हून कुणी म्हनलं? त्येंनी?"

दादा तिथं नव्हता. त्याचं नाव घेतलं असतं तर खपून गेलं असतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं.

"मी म्हनलो," मी म्हणालो. "चोरांच्या भ्यानं."

"चोर." वैनींनी तो शब्द एकदा म्हणून बघितला. "ह्या कणगीत चोराचा हात कंदी जानार हुता, भावजी? माजा रोज दोन येळा जातोय. मांडीवर पोरगी घिऊन जातोय."

मी म्हणालो, चुकलो. आता झाकण फोडून बंदूक बाहेर काढतो, बार काढतो, पुन्हा असं होणार नाही.

"ते नंतर," वैनी म्हणाल्या. त्यांनी रक्ताची ज्वारी टोपीसकट जमिनीवर एका बाजूला ओतली, सूप झटकलं आणि भोकाखाली धरलं. "सकाळपासून चूल पेटली न्हाय. आई उपाशी हायती. माजा हात चालत न्हाय, तवा भाकरीपुरती ज्वारी तुमी काडा. दस्ता आडवा आलाय, जरा बाजूला सारावा लागंल."

टोपी निघालेली होती. ती तिथंच, जमिनीवर, माझ्या डोळ्यांसमोर पडली होती. त्या बंदुकीतून आता काही उडणार नव्हतं, हे त्या घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी भोकापाशी बसलो, बाही वर केली आणि हात आत घातला. बोटांना ज्वारी लागली, मग गार, गुळगुळीत लाकूड लागलं. तिथून पुढं माझा हात जाईना.

वैनी सूप धरून बसल्या होत्या.

"घाला की," त्या म्हणाल्या.