पहिल्या दहा टक्क्यांत

संघमित्राने अर्जात शिफारसीसाठी माझं नाव दिलं, तेव्हाच मी तिला म्हटलं होतं की एखादा नावाजलेला प्राध्यापक बघ, निवृत्त माणसाच्या शब्दाला काय किंमत? तिने ऐकलं नाही. अमेरिकेतल्या त्या विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीच्या पुढच्या शिक्षणाला जागा मोजक्या, शिष्यवृत्त्या त्याहून कमी. आणि शिष्यवृत्ती मिळाल्याखेरीज परळच्या तिच्या दोन खोल्यांतून तिकडे जाणं होणार नव्हतं.

विद्यापीठाकडून लिंक आली. पत्र जोडायचं होतं आणि एक प्रश्न होता: तुम्ही शिकवलेल्या विद्यार्थ्यांत ही कुठे बसते? पहिल्या एक टक्क्यात, पाच, दहा की पंचवीस? मी दहावर खूण केली. मला ते भरघोस वाटलं. मी जर्नलवर 'चांगले' असा शेरा मारला तरी पोरं तो एकमेकांना दाखवत फिरायची. फॉर्म मात्र पाठवला नाही. पत्रातलं एक वाक्य खटकत होतं: 'विद्यार्थिनी कष्टाळू आहे.' ते कुणालाही लागू पडलं असतं.

रविवारी ती नेहमीसारखी माझगावला माझ्या घरी पुस्तक परत करायला आली. माझी बायको व्हायोला वारल्यापासून आमच्या दाराची बेल बहुतेक तीच वाजवते. चहाही तीच करते, कारण माझा चहा म्हणजे, तिच्या मते, स्लॅबवर मारायचं पाणी.

चहा पिताना ती तिच्या वर्गातल्या उन्मेषबद्दल सांगत होती. गेल्या वर्षी त्याला सगळीकडून नकार आला. पुढे त्याला शिफारस देणाऱ्या सरांनीच कौतुकाने सांगितलं, की त्यांनी त्याला पहिल्या दहा टक्क्यांत बसवलं होतं.

"दहा टक्के म्हणजे तिकडे नकारच, सर," ती कप विसळत म्हणाली. "बिचाऱ्यांना वाटलं, पोराचं भलं केलं."

मी तिने परत आणलेलं पुस्तक कपाटात लावायला उठलो.

"तुम्ही काय टाकलंत ते विचारत नाहीये हां. ते गुप्त असतं."

ती गेल्यावर फॉर्म उघडला. ती खूण मी प्रामाणिकपणे केली होती का? आमचा मुलगा फ्लॉयड असाच शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. ही गेली की रविवारी कोण येणार, हे खूण करताना माझ्या मनात नव्हतंच, असं मला छातीठोकपणे सांगता येईना.

मग मला काँक्रीटचा तो ठोकळा आठवला. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये दाब देऊन तपासताना तो अपेक्षेपेक्षा फार लवकर फुटला. गटातल्या सगळ्यांनी आकडा जुळवून घ्यायचं ठरवलं. हिने आला तसा लिहिला आणि गुण घालवले. मी विचारलं तर म्हणाली होती, "फुटला तिथे फुटला, सर."

एकेक बॅच डोळ्यांपुढे आणून पाहिली. असं दुसरं कुणी आठवलं नाही. खटकणारं वाक्य काढून तिथे त्या ठोकळ्याची हकीकत लिहिली आणि खूण एक टक्क्यावर नेली. तरी बोट थबकलंच. थांबायला आता कारण उरलं नव्हतं. मी फॉर्म पाठवून दिला.

संध्याकाळी तिचा मेसेज आला: शिफारस पोचली, सर. पुढच्या रविवारी येते.

मी 'ये' एवढंच लिहिलं. तिला द्यायला एक जाडजूड पुस्तक काढून ठेवलं होतं. ते कपाटात परत ठेवलं आणि एका आठवड्यात वाचून परत आणता येईल असं पातळसं काहीतरी शोधत बसलो.