दीड मिलिमीटर

ऑपरेशन थिएटरात सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईने स्वतःच्या ऑपरेशनला घाबरू नये, असं लोकांना वाटतं. लोकांचं काय जातंय वाटायला! त्या सकाळी सिस्टर घाबरली होती, आणि ते लपवायला तिने जी घाई केली ती पुढे अंगाशी आली.

प्रकरण भुवयांचं होतं. तोंडाला मास्क लावला की माणसाचे डोळे आणि भुवया तेवढ्या उरतात. सिस्टरने उजवी भुवई उचलली की सर्जनचा हात जागच्या जागी थांबायचा. गॉझचा एखादा तुकडा मोजणीत कमी आहे, हे त्याला न बोलता कळायचं. पण पन्नाशी उलटली तशा त्या भुवया पापण्यांवर उतरल्या आणि काल आलेले पोरसवदा डॉक्टर विचारायला लागले, "सिस्टर, रागावलात का?" ती रागावलेली नसायची. पण तेच तेच ऐकून खरंच राग यायला लागला. शेवटी भुवया वर ओढून घेण्यासाठी तिने दुसऱ्या एका हॉस्पिटलात गुपचूप वेळ घेतली. सांगितलं फक्त नवऱ्याला.

तिथल्या डॉक्टरांनी तिला ताठ बसवून कपाळावर पेनाने खुणा केल्या. केसांच्या आत पाच लहान छेद, एकातून कॅमेरा, मग कपाळाची कातडी हाडापासून सुटी करून वर ओढायची आणि पक्की करायची. "आता यातले धोके सांगतो," ते म्हणाले.

"मला कसले सांगताय डॉक्टर? सही कुठे करू तेवढं दाखवा."

हजारो पेशंटांच्या हाताखाली तिने स्वतः असे कागद सरकवले होते. इथे करा, आता इथे. वाचायला सवड तिने कुणाला दिली नव्हती, मग स्वतःला कुठून देणार? डॉक्टर बिचारे बोलतच राहिले. ती मान डोलवत होती, आणि तिला ऐकू येत होती फक्त स्वतःच्या छातीतली धडधड.

शुद्धीवर आली तेव्हा डोकं पट्टीने करकचून आवळलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सूज डोळ्यांवर उतरली आणि डोळ्यांभोवती काळंनिळं झालं. उशांची चळत लावून बसल्यासारखं झोपायचं. टाळू बधिर आणि आतून खाज, म्हणजे खाजवावं तर दुसऱ्याच कुणाचं डोकं खाजवल्यासारखं वाटायचं. एवढं सगळं तिला माहीत होतं. पाचव्या दिवशी बाथरूमच्या आरशासमोर तिने भुवया उचलल्या. डावी वर गेली. उजवी हललीच नाही.

"अहो!" ती ओरडली. हातातला टॉवेल तिने आरशावर टाकला आणि मटकन स्टुलावर बसली.

नवरा शाळेत भूमिती शिकवायचा. पेपरात अर्ध्या गुणासाठी पोरं रडली तरी न द्रवणारा, आकड्याचा पक्का माणूस. काय झालं ते कळताच तो मोजपट्टी घेऊन आला.

"तू आरशात बघू नकोस, उगाच धसका घेशील. किती हलते ते मी रोज सकाळी मोजून सांगतो."

"आज किती?"

"आज शून्य," तो म्हणाला. "आजच तर मोजायला लागलोय."

दुपारी तिने सही केलेल्या त्या कागदाची प्रत काढली आणि पहिल्यांदाच वाचली. भुवई उचलणारी नस दुखावून अशक्तपणा येऊ शकतो. बहुतेकांत तात्पुरता, क्वचित कायमचा. 'क्वचित'वर तिचं बोट अडकलं. क्वचित म्हणजे किती? शंभरात एक? आणि ती एक मीच निघाले तर? डॉक्टरांना फोन करायला तोंड कुठे होतं! 'सांगत होतो तेव्हा तुम्हीच घाई केलीत,' एवढं ते म्हणाले असते तर ती फोन हातात धरून रडली असती. थिएटरात मान खाली घालून उभी असलेली स्वतः तिला दिसायला लागली. भुवई उचलतेय, आणि सर्जनचा हात काही थांबत नाहीये.

आठव्या दिवशी नवरा म्हणाला, "अर्धा मिलिमीटर." तिने दोन घास जास्त खाल्ले. दहाव्या दिवशी एक, बाराव्या दिवशी दीड. टॉवेल मात्र तिने काढला नाही. दृष्ट लागायची, म्हणाली.

त्याच दिवशी दोघं टाके काढायला गेले. डॉक्टर म्हणाले, "भुवया वर करा." तिने होता नव्हता तेवढा जोर लावला.

"उजवीकडे अजून हालचाल नाही," ते म्हणाले.

"नाही कशी? दीड मिलिमीटर आहे! यांनी आज सकाळी मोजलंय." ती नवऱ्याकडे वळली. नवरा स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

डॉक्टर समजुतीने बोलले. तीन महिने लागतात, कधी जास्त, बहुतेकांची येते परत. या वेळी तिने शब्द न् शब्द ऐकला. पण तिची नजर नवऱ्यावरून हटत नव्हती. या माणसाने खोटं मोजलं, तेही रोज सकाळी, चेहरा इतका जवळ आणून. म्हणजे याला किती भीती वाटत असेल! कागद वाचून जितकी वाटली नव्हती तितकी भीती तिला आता वाटली.

बाहेर बाकावर तो पुटपुटला, "तू जेवत नव्हतीस गं. मला दुसरं काही सुचेना."

"उद्यापासून आरशासमोर मोजायचं," ती म्हणाली. "दोघांनी बघून."

"आणि शून्यच आलं तर?"

"तर शून्य म्हणा," ती म्हणाली, "पण माझा हात सोडू नका."