पीळ पडलेली पट्टी

दुसऱ्या दिवशी माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. भूमितीत आकारांची साधी यादी असताना 'स्टॅक' नावाची अवघड रचना हवीच कशाला, हा प्रश्न परीक्षक विचारणार हे नक्की होते, आणि मला उत्तर सुचत नव्हते. म्हणून मी आत्याच्या शिवणखोलीत उदास बसून होतो.

आत्याने दहा एकसारखे चौकोन जोडून केसांची गोल पट्टी शिवली आणि कपाळाला हात लावला. टोके जोडताना पट्टीला पीळ पडला होता.

"पण एकही तुकडा चुकलेला नाही," मी म्हणालो.

"अरे पंडिता, कापड दोन्हीकडून सारखं, उलटं धरलं तरी कळत नाही, म्हणून तर फसले! चूक तुकड्यात नाही, जोडण्यात आहे."

मी ताडकन उठलो. यादी फक्त तुकडे नोंदवते, म्हणून तिला बिनपिळाची पट्टी आणि ही पट्टी एकच वाटते. तुकडा स्वतःवरच सरळ, उलटा अशा किती प्रकारे बसतो आणि जोडताना त्यातला कोणता प्रकार वापरला, हेही स्टॅक लक्षात ठेवतो, म्हणून त्याला पीळ दिसतो.

"आत्या, उसवू नकोस. उद्या परीक्षकांना दाखवतो."

"खुशाल दाखव. पण कुणी शिकवलं ते सांग, नाहीतर कान उपटीन."