'शहा'ची नोंद

शब्दकोशाच्या कचेरीत ताई अकरा वर्षं होत्या. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली झाली, लेकही त्याच्याकडेच राहायला गेली. ताई मात्र 'श'चा खंड छापून होईपर्यंत म्हणून मागे थांबल्या. खंड जवळजवळ तयार होता. घोडं अडलं होतं 'शहा' या एका नोंदीपाशी.

मुख्य संपादकांना सगळे अण्णा म्हणत. ताईंनी नोंद नेली की ते कागद डोळ्यांजवळ धरत, मान हलवत आणि आणखी एखादी भाषा पाहायला सांगत. ताईंनी जुन्या फारसीतला 'क्षायथिय' शोधला, त्याचं आपल्या 'क्षत्र'शी असलेलं नातं दाखवलं. राजांचा राजा तो शहेनशहा. आधी 'पति' जोडून झालेला पादशहा, तोच आपला बादशहा. बुद्धिबळातला 'शह'ही त्याचाच. सात वेळा नोंद नव्याने लिहिली, सातही वेळा ती परत आली.

आठव्या खेपेला ताईंनी चार ओळींचा राजीनामा लिहून अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी ओळींवरून बोट फिरवलं.

"बरं आहे," ते म्हणाले. "पण बादशहातला 'पति' अजून नीट उलगडला नाही."

ताईंना आधी थट्टाच वाटली. मग लक्षात आलं, अण्णांची नजर गेली होती, त्यांना वाचताच येत नव्हतं. खंड छापखान्यात गेला की मुद्रितं तपासावी लागतील आणि सगळं उघडं पडेल, म्हणून ही नोंद अडकून पडली होती.

त्यांनी राजीनामा काढून घेतला, खुर्ची ओढली आणि नोंद मोठ्याने वाचायला घेतली. बुद्धिबळातल्या 'शहामात'पाशी अण्णांनी थांबवलं.

"राजा मेला, असं लिहिलंयस?"

"दोन्ही मतं दिलीत. अरबीवरून, मेला. फारसीवरून, हतबल झाला. जिवंत आहे, पण हलायला घर नाही."

अण्णा खुर्चीत मागे टेकले.

"दुसरं मत आधी घे, आणि पाठव छापायला. मुद्रितं तू वाच, मी ऐकेन. कुणाला सांगू नकोस."

ताई बरं म्हणाल्या.

संध्याकाळी नवऱ्याने फोनवर राजीनाम्याचं विचारलं. दिला होता, पण अण्णांनी वाचला नाही, एवढंच त्या म्हणाल्या. अण्णा रजेवर असतील, असं त्याला वाटलं. ताईंनी त्याला तसंच वाटू दिलं आणि लेकीला फोन द्यायला सांगितलं.